विलीनीकरणाआधी लेकीला पत्र

शाहूपुरी, सातारा

चि. मुग्धास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमची कंपनी दुसऱ्या विमान कंपनीत विलीन होणार म्हणून तू राजीनाम्याचा विचार करते आहेस. आत्ता तो देऊ नकोस.

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, पुढच्याच वर्षी सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. त्यामुळे आपल्याकडे विलीनीकरण म्हटलं की पगार, बदली आणि दारावरची पाटी एवढंच डोळ्यांसमोर येतं. वैमानिकाच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न ज्येष्ठता यादीतल्या नंबरचा असतो. कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, कधी मिळणार, मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणाला कोण आधी जाणार, हवा तो बेस, म्हणजे मुक्कामाचं विमानतळ, कोणाला मिळणार, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. राजीनामा देऊन गेलीस तर तो नंबर दुसऱ्या कंपनीत सोबत नेता येत नाही. लॉगबुकात उड्डाणाचे कितीही तास असोत, नव्या यादीत तू तळाशीच जाशील. शिवाय डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कॅप्टनला वर्षाची. तेवढ्या काळात इथली यादी तयारही होऊन जाईल.

दोन याद्या एक करताना मुख्यतः दोन पद्धतींवरून भांडण होतं. एक, रुजू होण्याच्या तारखेप्रमाणे. दुसरी, प्रमाणात: दोन्हीकडचे कॅप्टन आपसांत, को-पायलट आपसांत, संख्येच्या प्रमाणात गुंफायचे. हिशेब करून बघ. समज, मोठ्या कंपनीत १००० वैमानिक आहेत, तुमच्याकडे ४००, आणि तू तुमच्यात २००वी. तिकडचे ८०० जण तुझ्या आधी लागलेले असतील, तर तारखेप्रमाणे तुझा नंबर १००० होतो. प्रमाणात गुंफलं तर साधारण ७००. एका विमानात एक कॅप्टन, एक को-पायलट, म्हणजे १४०० जणांत कॅप्टनच्या जागा ७०० च्या आसपास. प्रमाणात गुंफलं तर तू कमांडच्या उंबऱ्यावर आहेस, तारखेप्रमाणे लावलं तर ३०० जण मागे. तुझ्यावरचे वर्षाला ४० जण निवृत्त झाले किंवा सोडून गेले आणि विमानं वाढली नाहीत, तर हा फरक साडेसात वर्षांचा आहे.

म्हणून नुसता नंबर बघून खूश किंवा निराश होऊ नकोस. तुझ्या वरच्या लोकांची वयं बघ. परवाना पासष्टीपर्यंत चालतो. वरचे पन्नाशी ओलांडलेले असतील तर वाईट नंबरही लवकर वर सरकतो. सगळे तिशीतले असतील तर चांगला नंबरही वर्षानुवर्षं जागचा हलत नाही.

यावरून वैमानिकांनी एकमेकांशी केलेली भांडणं मला सर्वांत जास्त खुपतात. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या अमेरिकेतल्या विमान कंपन्या २००५ मध्ये एकत्र आल्या. २००७ मध्ये लवादाने यादी दिली. त्यात कित्येक वर्षांची नोकरी असलेले, पण तेव्हा कामाविना घरी बसवलेले यूएस एअरवेजचे वैमानिक, नुकत्याच लागलेल्या अमेरिका वेस्टवाल्यांच्या खाली गेले. संख्येने जास्त असलेल्या गटाने संघटनाच बदलली, कोर्टकज्जे झाले आणि वर्षानुवर्षं एका नावाखाली दोन गट वेगळे उडत राहिले. त्याआधी २००१ मध्ये टीडब्ल्यूए ही तिथलीच कंपनी अमेरिकन एअरलाइन्सकडे गेली, तेव्हा तिच्या बऱ्याच वैमानिकांना यादीच्या शेवटी जोडलं होतं. त्या अनुभवातून २००७ मध्ये तिकडे कायदा झाला: याद्या न्याय्य रीतीने जोडा, जमलं नाही तर लवादाकडे जा. आपल्याकडे खास वैमानिकांसाठी असं काही नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, तरी ड्रीमलायनर या नव्या मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणाला कोणी जायचं यावरून २०१२ मध्ये जवळजवळ दोन महिने संप चालला. पाच वर्षांनीसुद्धा दोन कंपन्या मनाने एक झाल्या नव्हत्या.

विलीनीकरणाच्या योजनेत 'सेवा अखंड राहील, अटी आधीपेक्षा कमी नसतील' असं कलम सहसा असतं. ते वाचून निर्धास्त होऊ नकोस. यादीतल्या जागेबद्दल त्यात बहुधा काहीच नसतं. पगारात मूळ आकड्यापेक्षा किती तासांची हमी आहे ते बघ. ७० तासांची हमी ४० वर आली की तासाचा दर तोच राहूनही, कमी उड्डाणांच्या महिन्यात हातात येणारी रक्कम घटते.

यादीसाठी कोणत्या दिवसाची स्थिती धरणार, ती तारीख आधी विचारून घे. कमांडचं प्रशिक्षण त्या तारखेनंतर आठवड्याने संपलं तर तुला को-पायलटच धरतील. म्हणून मिळालेला प्रशिक्षणाचा स्लॉट लग्नकार्यासाठी पुढे ढकलू नकोस, अगदी घरचं कार्य असलं तरी. रुजू तारीख म्हणजे कोणती, नेमणूकपत्राची, ग्राउंड क्लासची की लाइनवर, म्हणजे नेहमीच्या प्रवासी उड्डाणांवर, सोडल्याची, तेही लेखी हवं. एका बॅचमधले वयाने लावणार की परवान्याच्या तारखेने, हेही.

नेमणूकपत्र, बॅचचा आदेश, प्रशिक्षणाचे अहवाल, रोस्टर, पगारपत्रकं आत्ताच उतरवून घे. विलीनीकरणानंतर जुनं पोर्टल आणि जुना ईमेल बंद होतो, आणि हरकत घ्यायची वेळ येते तेव्हा नेमका तोच कागद सापडत नाही. बाँडची उरलेली मुदत तेवढीच राहील, नव्या विमानाच्या टाइप रेटिंगसाठी, म्हणजे ते विमान उडवण्याच्या परवानगीसाठी, नवा बाँड लागणार असेल तर किती, हे पत्रात घे. पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा खाते क्रमांक, एकच ठेव. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग सेवा लागते, म्हणून नव्या नेमणूकपत्रावर 'नवीन रुजू' अशा अर्थाने सही करू नकोस.

प्रसूती रजेचं मुद्दाम लिहितो, कारण याद्या जोडणाऱ्या समितीत सगळे पुरुष असले तर हे सुटतं. गरोदरपणात मेडिकल अनफिट असल्याचा काळ आणि त्यानंतरची २६ आठवड्यांची रजा सेवेत धरली आहे ना, ते तुझ्या मैत्रिणींच्या नोंदींतही तपासा. त्या काळात तास कमी भरले म्हणून कमांडच्या रांगेतली जागा जाता कामा नये.

मोठ्या विमानांच्या जागा काही वर्षं जुन्या कंपनीच्या लोकांसाठी राखून ठेवतात, त्याला फेन्स म्हणतात. त्यात वाईट काही नाही, मात्र ती उठण्याची तारीख छापलेली हवी.

मसुदा यादी आली की हरकतीची मुदत थोडीच असते. ईमेल करच, पण छापील प्रतीवर शिक्का आणि पोचही घे. यादी मलाही पाठव. वरच्यांची वयं आणि निवृत्तीची वर्षं मी वहीत मांडून देतो.

तुझे
बाबा