क्रूझच्या थांब्यावरील गुहा : यात्रेकरूंना आधी सांगायला हवे

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या मराठी मंडळींमध्ये, विशेषतः नोकरीतून निवृत्त झालेल्या जोडप्यांमध्ये, कॅरिबियन समुद्रातील क्रूझला जाण्याचा उत्साह अलीकडे बराच दिसतो, आणि त्या सहलीत जहाज ज्या बेटांवर थांबते तेथील एखादी नैसर्गिक गुहा पाहण्याचा कार्यक्रम बहुधा असतो. सहल-आयोजकांच्या माहितीपत्रकात मात्र या गुहेला एका ओळीपेक्षा अधिक जागा मिळत नाही. त्यामुळे निम्मी माणसे तेथे जात नाहीत, आणि जी जातात ती काय पाहायचे व कसे वागायचे हे ठाऊक नसताना जातात. या दोन्ही गोष्टी बार्बाडोसच्या थांब्यावर मी स्वतः पाहिल्या. अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवल्यामुळे मला हा विषय जवळचा वाटतो, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

जहाज सकाळी ब्रिजटाउनच्या बंदराला लागते आणि संध्याकाळी सुटते. मधल्या वेळात समुद्रकिनारा, बाजार किंवा बेटाच्या मध्यभागी सेंट थॉमस परगण्यात असलेली हॅरिसन्स केव्ह, यांपैकी एकाची निवड करायची असते. आमच्या आयोजकांच्या प्रतिनिधीने आदल्या रात्री जेवणाच्या टेबलापाशी येऊन सांगितले की गुहेत चढ-उतार फार आहे, गुडघेदुखी असणाऱ्यांनी जहाजावरच आराम केलेला बरा. त्यावर विश्वास ठेवून आमच्या गटातील कितीतरी ज्येष्ठ माणसे मागे राहिली. प्रत्यक्षात गुहेच्या स्वागतकक्षापासून खालच्या घळीपर्यंत जायला लिफ्ट आहे, आणि गुहेत विजेवर चालणारी ट्राम जाते. प्रवासी तीत बसूनच बहुतेक सारे पाहतात. ज्यांना चालणे जड जाते त्यांच्यासाठी क्रूझवरील इतर कितीतरी कार्यक्रमांपेक्षा हाच सोयीचा होता. चुकीच्या माहितीमुळे माणसे अशा दर्शनाला मुकली, याची मला अजूनही हळहळ वाटते, कारण त्या वयात पुन्हा इतक्या दूर कोण जाणार?

ही गुहा पाहण्यासारखी का आहे हे समजण्यासाठी आधी ते बेट समजून घ्यावे लागते. कॅरिबियनच्या पूर्व कडेची पुष्कळशी बेटे ज्वालामुखीतून वर आली आहेत, पण बार्बाडोस तसे नाही. भूकवचाचे एक तबक दुसऱ्याखाली सरकत असताना समुद्रतळावरचा गाळ खरवडला जाऊन वर ढकलला गेला, आणि तो सूर्यप्रकाश पोहोचेल इतक्या उथळ पाण्यात आल्यावर त्याच्यावर प्रवाळांनी आपले थर रचले. आज बेटाचा सुमारे 85 टक्के भाग या प्रवाळी चुनखडीने झाकलेला आहे. जमीन सावकाश वर येत राहिली आणि नवे प्रवाळ दर वेळी काठाकाठाने वाढत गेले, त्यामुळे सर्वांत जुना प्रवाळ आज किनाऱ्यापाशी नसून आतल्या उंच भागात आहे. बंदराकडून गुहेकडे जाताना रस्ता टप्प्याटप्प्याने चढत जातो. ते टप्पे म्हणजे एकेकाळचे किनारे होत, आणि हे कोणी सांगितले तर बसच्या खिडकीतून दिसणारी ती अर्ध्या तासाची वाटदेखील पाहण्याजोगी ठरते.

आपल्या माळव्याच्या पायाखाली काळा बसाल्ट आहे, आणि तो चुनखडीसारखा विरघळून आतून पोकळ होत नाही. त्यामुळे गुहा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या लेण्या येतात : अजिंठा, वेरूळ आणि आपल्या जवळची, धार जिल्ह्यातील वालुकाश्मात कोरलेली बाघ. बार्बाडोसच्या गुहेत छिन्नी लागली ती केवळ ट्रामचा मार्ग करण्यासाठी. बाकी सारे काम पावसाचे आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीच्या भेगांमध्ये शिरून तिला विरघळवत राहते, भेगांच्या वाटा होतात आणि वाटांची दालने. पुढे तेच पाणी छतातून थेंबाथेंबाने उतरते तेव्हा त्यातील वायू गुहेच्या हवेत निघून जातो आणि विरघळलेला चुना कॅल्साइट या खनिजाच्या रूपाने मागे राहून छतावर व जमिनीवर स्तंभ रचतो. पाणी वाळल्यामुळे हे स्तंभ तयार होतात असे पुष्कळांना वाटते, पण गुहेची हवा इतकी दमट असते की तेथे पाणी फारसे वाळतच नाही.

ट्राम एका ठिकाणी थांबली असताना माझ्या डोक्यापासून थोड्याच अंतरावर छतातून एक पांढरी पोकळ नळी लोंबत होती. अशा नळीची जाडी पाण्याच्या थेंबाएवढीच असते, कारण थेंबाच्या कडेलाच कॅल्साइटचे कडे बसत जाते. तिच्या टोकाशी एक थेंब हळूहळू फुगला, दिव्याच्या प्रकाशात थरथरला, बराच वेळ तसाच टिकून राहिला आणि मग खाली पडला. लगेच नळीच्या तोंडाशी पुढच्या थेंबाची ओल दिसू लागली. मोठी पोकळ नळी पुढे बंद होऊन तिचा अधोमुखी स्तंभ होतो, आणि जेथे थेंब पडतो तेथे जमिनीवरून ऊर्ध्वमुखी स्तंभ वाढू लागतो. ही वाढ वर्षाला मिलिमीटरच्या एखाद्या लहानशा अंशाइतकी असते. वर्गात फळ्यावर आकृती काढून हा धडा मी किती वेळा शिकवला असेल, पण ते सारे डोळ्यांसमोर घडताना पाहून माझ्या अंगावर काटा आला.

या परिसरातील गुहांची माहिती अठराव्या शतकाच्या अखेरीसही लोकांना होती, तथापि हॅरिसन्स केव्हच्या आतल्या मोठ्या दालनांपर्यंतची वाट 1970च्या दशकात डॅनिश गुहासंशोधक ओले सोरेन्सन आणि त्यांचे बार्बाडोसचे सहकारी टोनी मेसन व ॲलिसन थॉर्नहिल यांनी शोधली. नंतर तेथील सरकारने पुढाकार घेतला आणि 1981 मध्ये गुहा सर्वांसाठी खुली झाली. सर्वांत मोठ्या दालनाची उंची सुमारे 15 मीटर आहे. आत गारवा असेल या समजुतीने आमच्यापैकी काहींनी स्वेटर घेतले होते, पण गुहेचे तापमान बाहेरच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहते, त्यामुळे उष्ण कटिबंधातील या बेटावर आत दमट ऊब जाणवते. श्वसनाचा त्रास असलेल्यांना ही गोष्ट आधी कळली पाहिजे.

मला सर्वांत अधिक भावले ते गुहेतून वाहणारे पाणी. बार्बाडोसमध्ये मोठी नदी नाही, आणि तेथील माणसांच्या पिण्याच्या पाण्याचा बहुतांश भाग या प्रवाळी खडकातून गाळून खाली साठलेल्या भूजलातून येतो. म्हणूनच 1963 मध्ये तेथे बेटाचे पाच भूजल-संरक्षण विभाग ठरवण्यात आले. जेथून झिरपलेले पाणी 300 दिवसांच्या आत सार्वजनिक विहिरीपर्यंत पोहोचू शकते तो पहिला विभाग, आणि त्यात नव्या बांधकामाला मनाई करण्यात आली, कारण तेवढ्या काळात पाण्यातील रोगजंतू मरून जावेत असा हिशेब होता. ज्या इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर अंतर कापून आणि विंध्याचा चढ चढवून आणावे लागते, त्या शहराच्या माणसाने ट्राममधून वाकून तो स्वच्छ झरा पाहताना केवळ ‘किती छान’ म्हणून फोटो काढावा आणि पुढे जावे, हे मला फार उणे वाटते. त्या बेटाचे पाणी कोठून येते हे तेथे डोळ्यांना दिसते, आणि हीच गोष्ट माहितीपत्रकात नाही.

आता थोडी अप्रिय बाब लिहिणे भाग आहे. एका ठिकाणी जमिनीवरून उठलेला, माथा गुळगुळीत असलेला एक स्तंभ आमच्या गटाला पिंडीसारखा दिसला. काहींनी हात जोडले, ते योग्यच होते, पण दोघे-तिघे ट्राममधून वाकून त्याला हात लावू लागले आणि गाईडला मोठ्या आवाजात थांबवावे लागले. त्या यात्रेकरूंच्या मनात श्रद्धाच होती, याबद्दल मला शंका नाही. स्पर्श करून तो हात कपाळाला लावणे ही आपली जन्माची सवय आहे. परंतु आपल्या त्वचेवरचा तेलकटपणा एकदा त्या खडकावर बसला की पाणी त्या जागेवरून घसरून जाते, नवा कॅल्साइट नीट धरत नाही आणि काही काळाने तो भाग काळपट पडतो. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या शिवलिंगाची झीज थांबावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर 2020 मध्ये ते न घासण्याचे निर्देश द्यावे लागले, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. महाकालाच्या बाबतीत आपण जे मनापासून मान्य केले, ते परक्या देशातल्या स्तंभाच्या बाबतीत मान्य करायला आपल्याला अडचण नसावी. पण त्यासाठी कोणीतरी ते आधी, आपल्या भाषेत आणि आदराने सांगायला हवे. तेथल्या गाईडचे इंग्रजी भरभर आणि वेगळ्या उच्चारांचे होते. आमच्या गटातील बऱ्याच जणांना त्यातील सूचना कळल्याच नाहीत.

प्रकाशाबद्दलही हेच म्हणता येईल. गुहेत सूर्य पोहोचत नाही, म्हणून हिरवी वनस्पती वाढत नाही. पण दिवे सतत जळत राहिले की त्यांच्या शेजारच्या खडकावर शेवाळाचा हिरवट थर धरू लागतो. गाईडने काही क्षण सारे दिवे मालवले तेव्हा आमच्यातील काहींनी लगेच मोबाइलचे टॉर्च लावले. तो पूर्ण काळोख अनुभवणे हा त्या दर्शनाचा भाग होता, आणि तो आपल्यासह इतरांचाही हिरावला गेला. माणसांच्या वर्दळीने गुहेचे किती नुकसान होऊ शकते याचे सर्वज्ञात उदाहरण फ्रान्समधील लास्कोचे आहे. 1948 मध्ये लोकांसाठी खुली झालेली ती चित्रांची गुहा श्वासातील वायू, ओलावा आणि शेवाळ यांमुळे 1963 मध्ये बंद करावी लागली. बाघच्या भित्तिचित्रांपैकी काही भिंतींवरून काढून ग्वाल्हेरच्या गुजरी महालातील संग्रहालयात नेऊन वाचवता आली. बार्बाडोसचे स्तंभ असे कापून कोठेही नेता येणार नाहीत, कारण ज्या थेंबाने ते वाढतात तो तेथेच पडतो.

इतर थांब्यांविषयी थोडक्यात लिहिते. कुरासाओमधील हातो गुहेत जायला पायऱ्या चढाव्या लागतात, आणि गुलामगिरीतून पळून आलेल्या माणसांनी तेथे आसरा घेतला होता, हे ठाऊक असेल तर ती गुहा वेगळ्याच नजरेने पाहिली जाते. ग्रँड केमनला मोठी जहाजे समुद्रातच नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते, त्यामुळे तेथील क्रिस्टल केव्हजसाठी हाताशी कमी वेळ उरतो. बाहेरच्या टॅक्सीने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जहाजाने स्वतः आयोजित केलेली सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबते, स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी मात्र ते थांबत नाही.

इंदूरमधील सहल-आयोजकांना माझी विनंती आहे की प्रत्येक गुहेविषयी मराठी व हिंदीत एक साधे पान तयार करावे. त्यात चढ किती, पायऱ्या किती, ट्राम किंवा लिफ्ट आहे का, हवा कशी आहे, हात का लावू नये, फ्लॅश व टॉर्च केव्हा वापरू नये आणि त्या खडकाचा तेथील पाण्याशी काय संबंध आहे, एवढे असावे. हे पान निघण्यापूर्वीच्या बैठकीत वाचून दाखवावे, आणि ज्या प्रतिनिधीने गुहा स्वतः पाहिलेली नाही त्याने ज्येष्ठांना जहाजावर थांबण्याचा सल्ला देऊ नये. आपल्या शहरातील मराठी मंडळांमध्ये भूगोल आणि भूगर्भशास्त्र शिकवलेली अनेक निवृत्त माणसे आहेत. अशी पाने तयार करायला त्यांची मदत होऊ शकेल, आणि मीही त्या कामात आनंदाने सहभागी होईन. कॅरिबियनमधील क्रूझचा मुख्य हंगाम डिसेंबर ते एप्रिल असा असल्याने आरक्षणे त्याआधी बऱ्याच महिन्यांपासून सुरू होतात, म्हणून आपल्या दैनिकाने हे पत्र पर्यटनाच्या जाहिराती येऊ लागण्यापूर्वी छापावे, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर