डॉक्टरांकडे जाण्याआधी झोपेची वही

ती. आई-बाबांना,
सा. न.

डॉक्टरांना नुसतं ‘झोप येत नाही’ म्हणालात, तर बहुतेक वेळा हातात गोळीची चिठ्ठी पडते. यात डॉक्टर हयगय करतात असं नाही. वैद्यकीय शिक्षणात झोपेच्या विकारांना फार थोडे तास मिळतात, आणि दवाखान्यात एका पेशंटला जेमतेम काही मिनिटं. रक्तदाब लगेच मोजता येतो. झोप त्यांच्यासमोर घडतच नाही. तेव्हा ती माहिती आपणच न्यायची.

दोन आठवडे वहीत लिहा: अंथरुणाला पाठ कधी टेकली, अंदाजे डोळा कधी लागला, किती वेळा जाग आली, कधी उठलात, दुपारी किती झोपलात, कोणतं औषध किती वाजता घेतलंत. हे सगळं सकाळी अंदाजानं लिहायचं, रात्री घड्याळ बघत बसायचं नाही. औषधाचा रकाना मात्र सोडू नका. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तर रात्रीच्या फेऱ्या तिच्यामुळेही असू शकतात.

बाबा, रात्री लघवीला उठावं लागतं म्हणजे प्रोस्टेटच, असं धरून चालू नका. घोरताना घसा मिटून श्वास अडला की छातीत ओढ बसते, हृदयावर ताण येतो, त्यातून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. झोपेत असा श्वास अडण्याचा हा विकार म्हणजे स्लीप ॲप्निया. डॉक्टरांसाठी ‘स्टॉप-बँग’ नावाची आठ प्रश्नांची यादी आहे, प्रत्येक ‘हो’ला एक गुण: घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंमीपेक्षा जास्त, पुरुष. तुमचे वयाचे आणि पुरुष असण्याचे दोन गुण आधीच झाले. ३ गुण झाले तरी तपासणीचा विषय काढा. ५ किंवा जास्त झाले तर आग्रह धरा.

ॲप्नियाच्या घरी करायच्या चाचणीत नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा असतो. तासाला ५ पेक्षा कमी वेळा श्वास अडला तर ठीक, ३० किंवा जास्त म्हणजे तीव्र. गोची अशी, की यातल्या बऱ्याच यंत्रांना तुम्ही झोपलात की जागे आहात हे कळत नाही. जागेपणीचा वेळही भागाकारात धरला जातो आणि आकडा खोटाच कमी येतो. लक्षणं ठळक असूनही रिपोर्ट नॉर्मल आला, तर लॅबमधली रात्रभराची चाचणी मागा. ॲप्नियाचा निकाल लागेपर्यंत झोपेची गोळी नकोच. घशाचे स्नायू सैल पडून श्वास आणखी अडू शकतो.

आई, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या ६५ नंतर शक्यतो टाळाव्यात असं वृद्धांच्या औषधांबाबतची बिअर्स यादी सांगते. रात्री उठताना तोल जातो, हाड मोडतं. पण रोजची सवय असेल तर एकदम बंद करू नकोस, फिटसुद्धा येऊ शकते. उतरता डोस डॉक्टरांकडून लिहूनच घे.

आठवड्यातून ३ रात्री, ३ महिने झोपेची बोंब असेल, तर पहिला उपचार गोळी नाही. झोपेच्या सवयी बदलणारी वर्तनचिकित्सा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ सालीच तसं सांगितलंय, तरी दवाखान्यात तिचं नाव क्वचित निघतं. तिचा गाभा ऐकायला उलटा वाटतो. वहीत सरासरी झोप सहा तास आणि लोळणं नऊ तास निघालं, तर अंथरुणात सहाच तास राहायचं, उठायची वेळ ठरलेली. त्यातला ८५ टक्के वेळ झोपेत जायला लागला की पंधरा मिनिटं वाढवायची. पहिले एक-दोन आठवडे दिवसा पेंग येते, चिडचिड होते, आणि बरेच जण नेमके तिथेच सोडून देतात. तोल जात असेल किंवा फिटचा त्रास असेल, तर हे स्वतःच्या मनानं करायचं नाही.

संध्याकाळी पायांत वळवळ होते आणि हलवल्यावर बरं वाटतं, असं असेल तर रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) तपासून घे. हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी. रिपोर्टवर ३०-४० हा आकडा नॉर्मल छापलेला असतो म्हणून डॉक्टर पुढे सरकतात. या त्रासात ७५ पर्यंत असला तरी लोह देण्याचा विचार करतात. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी ही वळवळ वाढते, हेही त्यांना सांग.

आणि दवाखान्यात दोघं मिळूनच जा. बाबांचं घोरणं मध्येच थांबतं का, दहा सेकंद शांतता आणि मग धाप लागल्यासारखा आवाज येतो का, हे आईलाच ठाऊक. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेव, बाबा कबूल करणार नाहीत.

तुमची लेक