इम्प्लांटची जाहिरात आणि जबड्याचे हाड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दातांच्या इम्प्लांटच्या जाहिराती हल्ली वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांपासून रिक्षांच्या पाठीपर्यंत सर्वत्र दिसतात. ‘तीन दिवसांत पक्के दात’, ‘कोणत्याही वयात, कोणत्याही जबड्यात’ अशी आश्वासने त्यांत असतात आणि जोडीला कंपनी, तिचा देश व हप्त्यांची सोय सांगितलेली असते. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू; तो ज्या हाडात बसवायचा, त्याविषयी मात्र अवाक्षर नसते. दंतशल्यचिकित्सा शिकवण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला हे खटकल्यावाचून राहत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आले ते १९५२ च्या सुमारास, सशांच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करताना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. पुढे त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्यासाठी सुमारे तीन महिने आणि वरच्यासाठी सहा महिने थांबून मगच दात जोडण्याचा दंडक रूढ झाला. इम्प्लांट तेच, रुग्णही तोच, तरी मुदत दुप्पट. कारण दोन्ही जबड्यांचे हाड एकसारखे नसते.

जबड्याच्या हाडाला बाहेरून घट्ट कवच असते आणि आत जाळीदार भाग. कवच किती जाड आणि जाळी किती दाट, यावरून लेकहोम व झार्ब या संशोधकांनी १९८५ मध्ये हाडाचे चार प्रकार केले आणि आजही आम्ही त्याच भाषेत बोलतो. पहिला प्रकार जवळपास सगळाच घट्ट. चौथ्यात कवच पातळ आणि आतली जाळी विरळ. खालच्या जबड्याचा पुढचा भाग सहसा घट्ट असतो, तर वरच्या दाढांच्या जागी बहुधा ठिसूळ हाड भेटते. कार्ल मिश या अमेरिकन दंतवैद्यांनी ड्रिल करताना हाताला होणारा स्पर्श सांगण्यासाठी एका टोकाला ओकचे लाकूड आणि दुसऱ्या टोकाला थर्माकोल घेतला होता. एकाच रुग्णाच्या तोंडात ही दोन्ही टोके सापडू शकतात.

यावरून घट्ट हाड म्हणजे उत्तम हाड असा समज होतो, तो अर्धाच खरा आहे. अतिघट्ट हाडात रक्तपुरवठा कमी असतो आणि ड्रिलच्या घर्षणाने उष्णता लवकर वाढते. ४७ अंश सेल्सिअसचे तापमान मिनिटभर राहिले तरी हाडाला इजा होते, असे १९८० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवले आहे. म्हणून तिथे धारदार ड्रिल, सलाइनची धार आणि सर्जनचा धीर, तिन्ही लागतात. चौथ्या प्रकारात अडचण नेमकी उलटी असते. आटे पकड घेत नाहीत. १९९१ मध्ये जॅफिन आणि बर्मन यांनी अशा हाडातील सुमारे ३५ टक्के इम्प्लांट निकामी झाल्याचे नोंदवले, तर इतर प्रकारांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. ते इम्प्लांट गुळगुळीत पृष्ठभागाचे होते. आजच्या खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटमुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, हेही सांगायला हवे. पण खड्डा थोडा लहान करणे, हाड कापण्याऐवजी दाबून घट्ट करणे आणि मुख्य म्हणजे वाट पाहणे हे अजूनही चुकत नाही.

‘तीन दिवसां’चा दावा सर्वस्वी खोटा आहे असे मी म्हणणार नाही. इम्प्लांट पुरेशा जोराने घट्ट बसले, तर काही रुग्णांत लगेच दात जोडता येतात आणि ते टिकतातही. मात्र ही पकड सुरुवातीला निव्वळ आट्यांची असते. पुढच्या दोन-चार आठवड्यांत जुने हाड विरघळते आणि नवे अजून तयार व्हायचे असते, त्यामुळे याच काळात ती सर्वांत सैल होते. तेव्हा चावण्याच्या दाबाने इम्प्लांट हलत राहिले, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय पेशीजाल तयार होते आणि सारा खर्च पाण्यात जातो.

हाडाच्या दर्जाइतकाच प्रश्न त्याच्या मापाचा आहे. दाढ काढल्यावर त्या जागेच्या हाडाची रुंदी वर्षभरात निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. वरच्या जबड्यात सायनसची, म्हणजे नाकाशेजारची, पोकळी खाली उतरते. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस असते आणि तिच्यापासून दोन मिलिमीटर अंतर राखावे लागते. ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेवर, हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, हवा. मात्र सीबीसीटीवरच्या करड्या छटांवरून घनतेचा नेमका आकडा काढणे भरवशाचे नाही; हाडाचा अंतिम निवाडा ड्रिल हातात घेतल्यावरच होतो. मग दातांची तारीख आधीच जाहिरातीत कशी छापता येते?

मधुमेह आटोक्यात आहे का, हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅबची औषधे चालू आहेत का, हे विचारले गेलेच पाहिजे, कारण या औषधांनी जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो. तंबाखूबद्दल विचारताना मिश्रीचे नाव घेऊन विचारावे. आपल्याकडच्या अनेक आजी मिश्रीला तंबाखूत मोजतच नाहीत. हाड कमी असल्यास भरल्या जाणाऱ्या कलमाचे साहित्य कित्येकदा गाईच्या हाडापासून आणि त्यावर घालायचा पडदा डुकराच्या कोलॅजेनपासून बनवलेला असतो. ते निर्धोक असले तरी आधी सांगून संमती घेणे आवश्यक आहे, आणि पर्यायी साहित्यही मिळते.

इम्प्लांट करून घेणाऱ्या वाचकांनी दरपत्रकासोबत सीबीसीटीची प्रत मागावी, हाडाची उंची व रुंदी किती आणि दात जोडण्याची मुदत कशावरून ठरवली, हे लेखी घ्यावे, आणि शस्त्रक्रियेत हाड अपेक्षेपेक्षा ठिसूळ निघाले तर काय करणार हेही आधीच विचारावे. आपल्या दैनिकाने निदान स्वतःच्या पुरवणीत तरी ‘कोणत्याही जबड्यात’ हे शब्द असलेली जाहिरात स्वीकारू नये, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त दंतशल्यचिकित्सक, सातारा