कित्तूरचा स्टॉप

खानापूर, रविवार

चि. सुजाता, अनेक आशीर्वाद.

ऑस्कीत, म्हणजे इंग्लंडात नर्स म्हणून नाव नोंदवायच्या त्या प्रात्यक्षिक परीक्षेत, दहापैकी दोन स्टेशनं (टप्पे) गेली, एवढंच ना? आठ निघाली हे तू सांगितलंसच नाहीस, मीच वजाबाकी केली. एका अर्जावर तीन वेळा बसता येतं हे तूच मागं बोलली होतीस. पण 'मेंटल हेल्थ नर्सिंग सोडते, अडल्ट नर्सिंगमधून नव्यानं अर्ज करते' म्हणालीस, ते काही पचलं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

आयईएलटीएसला, त्या इंग्रजीच्या परीक्षेला, लिहिण्यात साडेसहा आणि बाकी तिन्हींत सात पाडायला तुला किती रात्री जागावं लागलं ते आईला विचार. पासपोर्टवर बेळगाव, रजिस्ट्रेशनच्या कागदावर बेळगावी. २०१४ ला नाव बदललं त्याचं दुखणं आपलं वेगळं, तुझ्या फायलीचं वेगळं. असो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मी बेळगाव-धारवाड गाडीवर होतो तेव्हाची. धारवाडला वेड्यांचं इस्पितळ, म्हणून आपल्याकडं 'धारवाडला नेला' म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. एक म्हातारी पोराला घेऊन चढली. पंचविशीचा असेल. त्याचं मनगट तिनं लुगड्याच्या पदराला गाठ मारून बांधलेलं. हिरेबागेवाडीपर्यंत तो खिडकीशी पुटपुटत होता, मग ओरडायला लागला. पुढचे लोक म्हणाले 'इळसरी', मागचे म्हणाले 'उतरवा हो'. तेवढ्यापुरतं दोन्ही भाषांचं एकमत. कित्तूरला मी शिट्टी मारली. उरलेल्या तिकिटाचे पैसे मोजून म्हातारीच्या हातावर ठेवले, चिल्लरसुद्धा बरोबर. ती एक शब्द बोलली नाही. खाली उतरल्यावर गाठ पुन्हा आवळली, तेवढं मागच्या काचेतून दिसलं.

तिकडच्या १९८३ च्या मेंटल हेल्थ ॲक्टातलं ते पाचवं कलम तू मला सहज सांगून गेलीस. आपणहून दाखल झालेला पेशंट जिवाला धोका असताना निघून चालला आणि डॉक्टर लगेच मिळत नसला, तर नर्स एकटी त्याला सहा तासांपर्यंत थांबवू शकते. पण ती मेंटल हेल्थची नाहीतर लर्निंग डिसॅबिलिटीची हवी, अडल्टवालीला ते चालत नाही. त्या रात्री मला झोप नव्हती. सहा तास! कित्तूरहून धारवाड पाऊण तासावर होतं.

आणि गेलेल्या दोनांतलं एक स्टेशन कुठलं? पेशंट म्हणून नट बसवलेला, तू घड्याळाकडं बघत फॉर्मातले प्रश्न विचारत सुटलीस म्हणे. धारवाडच्या वॉर्डात तू असं करायचीस काय? शेजारी बसून आधी 'ऊटा आत?' विचारायचीस, खानापूरकडची बाई असली तर 'जेवलीस काय गं?' त्याला इंग्रजीत काय म्हणायचं तेवढं शोधून काढ.

पुढची तारीख आणि फीचा आकडा कळव, सोसायटीतून काढतो. आईनं कुंदा बांधून ठेवलाय, पाठवायला कोण भेटतंय बघतो.

तुझा अप्पा