आठवीपर्यंतचा हिशेब कुणी मागतच नाही

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. सरकारी मिडल स्कूलांचा दर्जा घसरला, पटही घसरला, तेव्हा त्या बंद करून जवळच्या हायस्कुलात विलीन कराव्यात, अशी चर्चा गोव्यात अधूनमधून डोके वर काढते. सत्तरी तालुक्यात पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. या शाळांचे सगळे उत्तम चालले आहे असे सांगायला हे पत्र नाही. पण त्यांचे बरेवाईट ज्या मापाने ठरवले जाते, ते मापच खोटे आहे.

दहावीचा निकाल लागला की कुठल्या हायस्कूलचा शंभर टक्के लागला, कुठल्याचा थोडक्यात हुकला, हे आपण सगळे आवडीने वाचतो. शाळेच्या फाटकावर फलकही लागतो. मिडल स्कूलचे मूल त्या यादीत कुठेच नसते. आठवी करून ते दुसऱ्या हायस्कुलात जाते. तिथे पास झाले तर नाव हायस्कूलचे, राहिले तर ‘पायाच कच्चा होता’ म्हणून बोट आमच्याकडे. (नववीत किती मुले मागे ठेवून दहावीचा शंभर टक्के साधला जातो, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

छोट्या शाळेत तर टक्केवारी निव्वळ फसवी असते. वर्गात आठ मुले असतील, तर एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. कामासाठी कर्नाटकातून आलेले एखादे कुटुंब चतुर्थीनंतर गावी गेले आणि परतलेच नाही, की कागदावर गळती वाढली, निकाल पडला आणि शाळा ‘असमाधानकारक’ ठरली. शिक्षकाने त्या वर्षी काय शिकवले, याचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नसतो.

शिवाय ही आठ मुले कोण? चौथीनंतर ज्यांना शक्य असते ते पालक मुलाला वाळपई-होंड्याच्या अनुदानित हायस्कुलात घालतात. शाळेची बस, म्हणजे बालरथ, दारात येतो, मग का घालणार नाहीत? मीही पालक असतो तर तेच केले असते. मागे राहतात ती मजुरांची मुले, घरात कन्नड बोलणारी मुले, डोंगरावरच्या धनगर-गवळी वाड्यांवरून चालत येणारी मुले. या मुलांची तुलना आपण शहरातल्या हायस्कूलशी करतो आणि शिक्षक कामचुकार, असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. कामचुकार शिक्षक मी पाहिले नाहीत असे नाही, पण ते अनुदानित शाळांतही पाहिले आहेत.

खरी गोम पाचवीत आहे. चौथीपर्यंत मूल सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून किंवा कोकणीतून शिकते. पाचवीत पाऊल टाकले की गणित, विज्ञान, समाजशास्त्र एका दमात इंग्रजीतून सुरू. माध्यमावरून आपण रस्त्यावर उतरलो, सरकारांना घाम फोडला, पण तो सगळा वाद प्राथमिकच्या अनुदानाचा. १९९० च्या धोरणाने मराठी-कोकणी प्राथमिक शाळांनाच अनुदान ठेवले, २०११ मध्ये इंग्रजीलाही वाट मोकळी झाली. पाचवीच्या उंबरठ्यावर अडखळणाऱ्या मुलासाठी मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. वजाबाकी चोख करणारी मुलगी इंग्रजीतला शाब्दिक प्रश्न पुढे आला की गप्प बसते. तेच उदाहरण मराठीतून तोंडी सांगा, फळ्यावर येऊन सोडवून दाखवते. उत्तरपत्रिकेत तिला शून्य. ते शून्य गणिताचे नव्हेच.

मुलांना किती येते हे तपासणारी ‘परख’ची राष्ट्रीय पाहणी ४ डिसेंबर २०२४ रोजी झाली ती तिसरी, सहावी आणि नववीची. सहावीतले मूल म्हणजे माध्यम बदलून जेमतेम दीड वर्ष झालेले मूल. त्यातून ही पाहणी नमुन्यावर आधारलेली आणि निष्कर्ष जिल्ह्याचे. तेव्हा गोव्याला जिल्हे दोनच होते. दक्षिण गोव्याच्या एका आकड्यात मडगावसारखे शहर आणि नेत्रावळीसारखे डोंगरातले गाव एकत्र ढवळले, तर नेत्रावळीचे दुखणे कुणाला दिसणार?

शिक्षकांबाबत थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. कागदावर तो असतोही. पण त्यातला एखादा लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, असतो, दुसरीकडे कायमची नोकरी मिळाली की वर्षाच्या मध्यावर निघून जातो आणि त्याला दोष देता येत नाही. निवडणुकीचे काम कायद्यालाच मान्य आहे, त्यामुळे बीएलओ (मतदारयादीचे काम पाहणारा बूथ पातळीवरचा अधिकारी) झालेल्या शिक्षकाच्या बुडालेल्या तासांबद्दल तक्रारही करता येत नाही.

माझी मागणी एकच आहे. पाचवीत आलेल्या प्रत्येक मुलाची वर्षारंभी साधी चाचणी घ्या: त्याच्या माध्यमातून वाचन, इंग्रजीतून वाचन, चार मूलभूत क्रिया. गणित दोन्ही भाषांतून विचारा. तेच मूल मिडल स्कूल सोडताना पुन्हा तपासा. कुठून निघाले आणि कुठवर पोचले, हे अंतर म्हणजे त्या शाळेची कामगिरी. मधेच आलेल्या आणि मधेच गेलेल्या मुलांचा हिशेब वेगळा ठेवा. हे आकडे शाळावार जाहीर करू नयेत, नाहीतर आठ मुलांच्या शाळेची पुन्हा तीच बदनामी. शाळेचे आकडे शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावेत. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे तिचेच काम आहे. जाहीर करायचे ते तालुकावार. बाराच तालुके आहेत, एका पानात मावतील.

आता कायदा बदलल्यामुळे पाचवीत आणि आठवीत मुलाला मागे ठेवता येते. दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही जमले नाही तर तोच वर्ग पुन्हा. वर सांगितलेली चाचणी नसेल, तर इंग्रजी वाचता आले नाही म्हणून मूल गणितात नापास होईल आणि पुढल्या वर्षी त्याच पुस्तकापुढे पुन्हा बसेल. घरी मजुरी करणारे आईबाप त्याला बसवतीलच याची खात्री नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती. दहावीची शाळावार टक्केवारी जरूर छापा, पण त्याच दिवशी शिक्षण खात्याकडे बाराही तालुक्यांतल्या मिडल स्कूलांचा हा तक्ता मागा. नाही म्हणाले, तर नाही म्हणाले एवढेच छापा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सत्तरी