ताई, तुम्ही कागद धरलात

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि ज्यांना तुमच्यासारखी कृषी सहायक भेटलीय ते नावाशिवायही ओळखतील.

आमच्या आप्पांचा उजवा हात मनगटापासून गेला तो ज्वारीच्या मळणीत. कणसं टाकायच्या तोंडावरचं झाकण यंत्रवाल्यानं काढून ठेवलेलं, घास पटापट बसतो म्हणून. मजुरी पोत्यामागं, पुढची गिऱ्हाइकं खोळंबलेली. झाकणाची अडचण कुणाला हवी? मळणीयंत्रासारख्या धोकादायक यंत्रांसाठी 1983 सालचा कायदा आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तो अजून पोचायचाय.

नंतर आम्ही माणसं बघितली. पॉलिसी विकताना दोनदा चहा पिऊन गेलेला एजंट "यंत्रावरचा अपघात यात बसत नाही" म्हणून मोकळा झाला. हप्ता हजारांत घेताना हे सांगायचं राहून गेलं असावं! एका कचेरीत आप्पा पट्टीतला हात गळ्यात अडकवून उभे, शेजारी खुर्ची रिकामी, पण 'बसा' म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. उलट "सही जमत नसेल तर अंगठा उठवा, मागं गर्दी आहे." आप्पा जुन्या अकरावीचे. सोसायटीच्या कागदावर आयुष्यभर सही केलेला माणूस. त्या दिवशी घरी येऊन ते जेवलेच नाहीत.

आणि मग तुमचं टेबल. वर पंखा गरगरतोय, खाली अर्ज फडफडतोय. आप्पांनी डाव्या हातात पेन धरलं. लिहायला हात होता, कागद दाबायला नव्हता. मी पुढं होणार तोच तुम्ही समोरून वाकून अर्जाच्या दोन्ही कडा दाबून धरल्या. "होऊ द्या मामा सावकाश." एवढंच. फोन वाजत होता, तो वाजू दिलात. आडनावाची वेलांटी भलतीकडं गेली तेव्हा आप्पांनी ओशाळत दुसरा अर्ज मागितला; कपाळाला आठी न घालता दिलात आणि परत तसाच धरलात. वर म्हणालात, "माझ्यापेक्षा बरं अक्षर आहे की!" धडधडीत खोटं. पण आप्पा ते अजून पारावर सांगतात.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान हे लांबलचक नाव आम्ही तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. 2023 पासून विमा कंपनी मधून काढून टाकलीय, पैसे सरकार थेट देतं, शेतकऱ्याला हप्ता शून्य. मृत्यूला 2 लाख, एक हात गेला तर 1 लाख. मात्र अर्ज 30 दिवसांत हवा, आणि आमचे बरेचसे दिवस त्या खुर्चीशेजारी उभं राहण्यात गेलेले. लाख रुपये आले. दवाखान्याचं सगळं फिटलं नाही, पण सावकाराच्या दारात जायची वेळ टळली.

आणखी एक राहिलं. ज्या गड्यानं धावत जाऊन ट्रॅक्टर बंद केला, म्हणून आप्पा आज आहेत, तो दाराशी थांबला होता. "तुमच्या नावावर सातबारा आहे का?" तुम्ही त्याला विचारलंत. नव्हता. म्हणजे यंत्राच्या तोंडाशी दिवसभर उभा राहणारा तोच या योजनेच्या बाहेर! तुम्ही त्याला पंतप्रधान सुरक्षा विमा समजावलात. वर्षाला 20 रुपये, बँक खात्यातून कापले जातात, 2 लाखांपर्यंत संरक्षण. मे संपायच्या आत खात्यात तेवढी शिल्लक ठेव म्हणालात. आता आमच्या वस्तीवर तो मे महिन्यात सगळ्यांच्या मागं लागतो, "वीस रुपयं हायत का खात्यात?" एका गुटख्याच्या पुडीची बचत कर, असं वर सुनावतो. (स्वतःचा गुटखा सुटलेला नाही, ते सोडा.)

अशी माणसं कचेरीत बसलेली असली की अर्धं दुखणं तिथंच कमी होतं. तुमच्या साहेबांना हे कळावं म्हणून उघड लिहितेय, नाहीतर फोन केलाच असता.

यंदा आप्पांनी यंत्रवाल्याला आधीच बजावलंय, झाकण असेल तरच रानात पाय ठेव. तो कुरकुरला, पण कबूल झालाय. आणि पौषात हुरड्याला याच ताई. शेंगाचटणी आईची असेल. सुट्टीच्या दिवशी या, योजनांचं काही विचारणार नाही.

तुमची,
मामांची थोरली लेक