जपानमधल्या नीगाताहून आई-बाबांना

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार,

मी खुशाल आहे. फोनवर बाबा "जेवली का" विचारतात आणि आई मागून "खरं सांग" म्हणते, म्हणून आज सुट्टी आहे तर सगळं लिहून काढते. दादा, आजीलाही वाचून दाखव.

इंटर्नशिप चांगली सुरू झाली. पहिल्याच दिवशी बूट ठेवायच्या कप्प्यावर माझं नाव जपानीत आणि त्याखाली आपल्या लिपीत होतं. आमच्या विभागातल्या एका म्हाताऱ्या काकांनी कुठूनतरी बघून हाताने काढलेलं. म, यु, री, प्रत्येक अक्षरावर वेगळी शिरोरेघ, मधे फट. परवा ऑफिसातून छापील पट्टी आली, पण मी ती लावू दिली नाही.

इथली एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. सकाळी आठला, म्हणजे तुमच्याकडे कोंबडाही आरवला नसेल तेव्हा, कारखान्याच्या अंगणात सगळे रांगेत उभे राहतात. सगळे म्हणजे मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत. भोंग्यावर पियानो वाजतो, एक माणूस आकडे मोजतो आणि सगळे हात फिरवतात, कमरेत वाकतात, जागेवर उड्या मारतात. तीनेक मिनिटांत संपतं. शाळेतल्या कवायतीसारखंच, पण इथे पांढऱ्या केसांचे लोकही मनापासून करतात. १९२८ पासून हा व्यायाम इथे रेडिओवर लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं मैदानात जाऊन करतात आणि हजेरीचा शिक्का घेतात. अंग मोकळं झालं की काम करताना इजा कमी होते, असं ते सांगतात. मला वाटतं, सकाळी सगळ्यांची तोंडं एकमेकांना दिसतात, हेही कारण असेल. मग त्याच रांगेत आज कोण काय करणार, कुठे जपायचं, ते बोलतात. मलाही बोलायला लावतात. मोडकं-तोडकं बोलते, सगळे थांबून ऐकतात.

जेवणाचं म्हणाल तर उपाशी नाही. इथल्या सूपमध्ये माशाचं पाणी असतं आणि आपण माळकरी, हे कॅन्टीनच्या मावशींना कळल्यापासून त्या माझ्यापुरतं समुद्रातल्या शेवाळाचं वेगळं काढतात. भात तर आहेच. भूकंपाचं बाबा सारखं विचारतात. जमीन हलते कधीकधी, पण घरं त्या हिशेबानेच बांधलेली आहेत, आमच्या प्रत्येक टेबलाखाली हेल्मेट आहे आणि मोबाइल आधी ओरडतो. रात्री वसतिगृहात एकटी येते म्हणून आत्याने काळजी करायचं काहीच कारण नाही.

काम धानाच्या रोवणीच्या यंत्रांचं. इथे रोपांचे पऱ्हे शेतातल्या बांधीत टाकत नाहीत, दोन फूट लांब-एक फूट रुंद ट्रेमध्ये वाढवतात. मुळं गुंतून त्याची चटई होते, ती तशीच यंत्रावर ठेवायची. मी आपल्याकडच्या रोवणीचा व्हिडिओ दाखवला. ते नाववाले काका बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ही यंत्रं पसरली १९७० नंतर, त्याआधी माझी आईसुद्धा अशीच चिखलात वाकायची. मग विचारलं, तुझ्या आईची कंबर दुखते का? मी हो म्हटलं. त्यापुढे मला काही बोलता आलं नाही.

दादा, तुझ्या लग्नाला मी नाही. साक्षगंधालाही नव्हते. ऑगस्टपर्यंत सुट्टी मिळत नाही, मी विचारून पाहिलं. वहिनीला माझ्याकडून साडी घे, रंग तिलाच निवडू दे. हळदीच्या दिवशी व्हिडिओ कॉल लाव, मी इकडे तयार बसते.

आत्याने आणलेल्या स्थळाला तूर्त नाही म्हणा, बाबा. पोरगा चांगला असेल, पण शेवटचं वर्ष बाकी आहे. लोक काय म्हणतात ते माझ्यापर्यंत पोचवू नका.

वसतिगृहाचं भाडं कापून भत्त्यातले पैसे उरतात, ते या महिन्यात दादाच्या खात्यात टाकते. खरिपाच्या धानाचे चुकारे अजून आले नाहीत असं दादा म्हणाला, म्हणजे पतसंस्थेचा हप्ता थकलाच असेल. माझ्या तिकिटासाठीच तुम्ही ते कर्ज काढलं, तेव्हा आधी तो भरा. त्यातून उरेल त्यात आईला भंडाऱ्याला हाडांच्या डॉक्टरकडे न्या. लग्न उरकल्यावर बघू, असं करू नका. यंदा रोवणीला दोन बाया जास्त लावा, त्यांची मजुरी मी पाठवते. आई, तू बांधीत उतरू नकोस.

आजीला नमस्कार.

तुमची,
मयुरी